तीन मिलिमीटर

विनिपेगमध्ये आज उणे एकतीस.
विमानतळाजवळच्या हॉटेलात, तळमजल्याच्या एका खोलीत
सोळा जण परीक्षेला बसलेत,
आणि ओरिसिया बाल्को, वय सत्तावन्न,
पेपर उलटण्याआधी
खोलीचं दार बघून घेते.
बिजागऱ्या तीन. मधलीचा एक स्क्रू बेपत्ता.
वरचा क्लोजर तेल गाळतोय.
परीक्षा घेणाऱ्यांचं दार
ती मनातल्या मनात नापास करते.
तेवढंच बरं वाटतं.

मागच्या खेपेला दोन गुणांनी गेली होती.
चौतीस वर्षं दारं लावली, तरीही.

दार लावणं म्हणजे लोकांना वाटतं बंद करणं.
ती दार लावते म्हणजे
भिंतीतल्या भोकात चौकट उभी करते,
ओळंबा सोडते, पान टांगते,
आणि मग दोन्ही कडांना आणि माथ्याला
तीन मिलिमीटर फट राखते.
कमी झाली की दार अडतं,
जास्त झाली की धूर शिरतो.
बापाने एवढंच शिकवलं होतं, युक्रेनियनमध्ये,
आणि शिकवताना एकदा तिचं बोट चेमटलं होतं.

प्रश्न एकेचाळीस:
रुग्णालयाच्या अग्निरोधक दाराखाली
पाचर आढळल्यास निरीक्षकाने काय करावे?
अ, ब, क, ड.

तिला देलोर्म आठवतो.
नदीपलीकडच्या वृद्धाश्रमातला, खोली एकशे बारा,
हॉकी स्टिकचा तुटका तुकडा दाराखाली सारून
रात्रभर दार उघडं ठेवणारा.
तिने तुकडा काढला. अहवालात लिहिलं.
महिन्याने गेली, तुकडा जागेवर.
पुन्हा काढला.
तिसऱ्या वेळी तो पलंगावर उठून बसला, म्हणाला,
समोर एकशे अकरात माझी बहीण आहे, ब्लाँश.
ती खोकते.
खोकला थांबला की मी उठतो.
दार लागलं तर मला कसं कळणार
की थांबला?

ओरिसियाच्या हातात तुकडा.
त्यावर कुणाची तरी सही होती, पुसट झालेली.
तिने तो परत खाली ठेवला नाही.
ठेवता येत नव्हता.
कॉरिडॉरभर तीस माणसं झोपलेली,
त्यातल्या अकरा जणांना उठवायला दोघं लागतात.
गाडीत येऊन बसली आणि इंजिन सुरू करायलाच विसरली,
काच आतून गोठेपर्यंत.

बरोबर उत्तर क.
पाचर काढावी, नोंद करावी, कळवावे.
ती क भरते. पेन्सिल जरा जास्तच दाबून.

ड मध्ये लिहिलं होतं: वरील सर्व.
त्यात ब्लाँश येत नव्हती.

या वेळी पास झाली. नावापुढे चार अक्षरं लागली,
नवऱ्याने केक आणला, केकवर स्पेलिंग चुकलेलं.
तिने पहिलं काम केलं ते अर्जाचं:
खोली एकशे बारा आणि एकशे अकरा, दोन्हींना
भिंतीत लोहचुंबक, धोक्याच्या घंटेशी जोडलेलं.
घंटा वाजेपर्यंत दार धरून ठेवील,
वाजली की सोडून देईल.
व्यवस्थापनाने तीनदा दर विचारला,
दोनदा फाईल हरवली.
मंजुरी आली तेव्हा बर्फ वितळून नदी तांबूस झाली होती
आणि ब्लाँशच्या पलंगावर
दुसरीच बाई विणत बसलेली.

चुंबक तरीही बसवलं.
देलोर्मने विचारलं नाही, आता कशाला.
स्क्रूंची पुडी धरून उभा राहिला,
एकेक काढून देत,
आणि काम संपल्यावर
हॉकीचा तुकडा कुठेय म्हणाला.
तिच्या अवजारांच्या पेटीतच होता.
राहू दे, म्हणाला. तुला कधी तरी लागेल.

मग चाचणी.
तिने घंटा वाजवली.
सगळ्या कॉरिडॉरची दारं एकदम सुटली,
सावकाश, कुणी न लोटता,
आणि एकामागून एक खटके पडत गेले:
एकशे आठ, नऊ, दहा, बारा.

एकशे अकराचा पडला नाही.
दार चौकटीला टेकून थांबलं होतं,
केसाएवढं उघडं.

ओरिसिया गुडघ्यावर बसली,
चष्मा कपाळावरून खाली ओढला,
आणि फटीत मापाची पट्टी सरकवली.